माथ्यावर ऊन, पायाशी ओल: बीदर-कलबुर्गीतल्या घरांच्या इन्सुलेशनचा आढावा

एप्रिल लागला की कलबुर्गी विभागातल्या सरकारी कचेऱ्या सकाळी आठला उघडतात आणि दुपारी दीडला बंद होतात. कर्नाटक सरकार उन्हाळ्यात तसा आदेश काढतं. विजयपूर-बागलकोटही त्यात येतात, बेंगळुरू येत नाही. म्हणजे इथला उन्हाळा वेगळा आहे, हे सरकारदरबारी मान्य आहे. पण दीडला कचेरीतून सुटलेला माणूस जातो कुठे? स्लॅबखाली किंवा पत्र्याखाली. दुपारी दोनपासून रात्री अकरापर्यंत खरा उन्हाळा सोसायचा असतो तो घरात, आणि घरासाठी असा कुठला आदेश निघत नाही.

त्यामुळे गेल्या काही वर्षांत एक प्रश्न वारंवार कानावर येतो: घराला आतून काही अस्तर लावता येतं का? माझ्या आत्याचा नातू टोरोंटोजवळ राहतो. हिवाळ्याआधी त्यानं आपल्या तळघराच्या भिंतींवर गुलाबी फायबरग्लासचे पट्टे बसवले आणि त्याचा व्हिडिओ घरच्यांना पाठवला. भालकीत त्याच सुमाराला त्याच्या काकांच्या घराचं काम चालू होतं. खाली धान्यासाठी आणि दुपारच्या विसाव्यासाठी तळघर काढलं होतं. काकांनी तो व्हिडिओ गवंड्याला दाखवला, "आपल्यालाही हेच करू." गवंड्यानं तो पूर्ण पाहिला आणि म्हणाला, "मालक, आधी पाणी कुठून येतंय ते बघू."

या दोन वाक्यांमध्ये सगळा विषय सामावला आहे. तो आज कुठे येऊन पोचला आहे, जाणकारांची कोणती मतं आहेत आणि काय अजून ठरायचं आहे, ते इथं क्रमानं मांडतो.

जमीन आणि हवा

बीदर आणि कलबुर्गी हे शेजारी जिल्हे असले तरी घर बांधणाऱ्यासाठी ते दोन वेगळे प्रदेश आहेत. बीदर शहर सुमारे 700 मीटर उंचीवर, जांभ्याच्या पठारावर बसलेलं आहे. कलबुर्गी साधारण 450 मीटरवर. तिथं मे महिन्यात पारा 42-43 वर जाणं नेहमीचं, 44 ओलांडणारे दिवसही येतात. बीदरला उंचीमुळे दोन-तीन अंशांची सूट मिळते आणि रात्र लवकर निवते.

पायाखालची जमीनही तीन तऱ्हांची. बीदरचा जांभा सच्छिद्र, पाणी पिणारा. पंधराव्या शतकात बहमनी काळात खोदलेला नौबादचा करेज याच गुणावर चालला: जांभ्यातून झिरपणारं पाणी खालच्या काळ्या खडकावर अडतं आणि तिथून बोगद्यानं वाहत शहराकडे जातं. आळंद, भालकी, औरादच्या पट्ट्यात काळी माती, पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी. आणि शहाबाद, वाडी, चित्तापूर, सेडमकडे चुनखडीचे थर. त्यांतून शहाबादी फरशी निघते, आणि त्याच दगडावर इथले सिमेंटचे कारखाने उभे आहेत. फरशीचा तोटा नसलेल्या गावांत छपरालाही फरशीच घालत. दोन इंच जाडीचा बंडा, वर माती नाहीतर चुना. मातीचा थर झिजला की हा बंडा उन्हात लवकर तापतो आणि थेट डोक्यावर ताप सोडतो.

पाऊस बीदरला वर्षाकाठी सुमारे साडेआठशे मिलिमीटर, कलबुर्गीला त्याहून कमी. कोकणाच्या मानानं थोडाच. पण तो चार महिन्यांत आणि पुष्कळदा मोठ्या सरींनी पडतो, आणि तळघराचं नुकसान करायला अशी एक सर पुरते.

माळवद

या भागात इन्सुलेशन हा शब्द नवा असेल, वस्तू नवी नाही. माळवद म्हणजे तेच होतं. कन्नडमध्ये याला माळिगी म्हणतात. दोन्ही भाषांतल्या गावांत घर एकच. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या किंवा किलच्या, त्यावर निंबाचा पाला आणि तुराट्या, त्यावर मातीचा जाड थर आणि शेवटी पांढरी. ही पांढरी माती गावाच्या जुन्या टेकाडातून आणायची. शेकडो वर्षांची राख, चुना, पडलेल्या भिंती मुरून झालेली ती माती पाणी सहज धरत नाही. मृग जवळ आला की घरातली माणसं माळवदावर चढत. टोपल्यांनी पांढरी पसरायची, पाणी शिंपायचं, धुम्मसानं ठोकायची आणि पन्हाळाकडे उतार राखायचा. भर पावसात कुठं टपकायला लागलं तर रात्री कंदील घेऊन वर जायचं आणि टाचेनं माती दाबून यायचं. छपरात साणं ठेवलेलं असे, त्यातून उजेड येई आणि धूर-वाफ बाहेर जाई.

हे छप्पर किती काम करी, ते आकड्यांत मांडता येतं. छताच्या एका चौरस मीटरमधून, आत आणि बाहेर एका अंशाचा फरक असताना किती वॅट उष्णता जाते, या मापाला यू-मूल्य म्हणतात. मूल्य जितकं कमी तितकं घर सुरक्षित. केंद्राच्या 'इको निवास संहिता 2018' या निवासी इमारतींसाठीच्या नियमावलीत छताचं यू-मूल्य 1.2 पेक्षा जास्त नसावं असं म्हटलं आहे. उघड्या सहा इंची काँक्रीट स्लॅबचं मूल्य सव्वातीनच्या आसपास येतं. नुसत्या पत्र्याचं जवळजवळ पाच. आणि दीड फूट मातीच्या माळवदाचा हिशोब, मातीचे नेहमीचे गुणांक धरून केला, तर तो 1.2 च्या अगदी जवळ येतो. आज देश ज्या आकड्याकडे जाऊ पाहतो आहे, तिथं हुमनाबादचं जुनं घर निंबाच्या पाल्यावर आणि पांढऱ्या मातीवर पोचलेलं होतं. मला हा हिशोब पहिल्यांदा जुळला तेव्हा मी तो दोनदा तपासला.

मातीचा दुसरा गुण म्हणजे उशीर. दुपारचं ऊन जाड मातीतून खाली यायला कित्येक तास घेतं. तोवर रात्र झालेली असते आणि माणसं अंगणात नाहीतर माळवदावरच आडवी झालेली असतात. म्हणजे माळवद राहणीसकट काम करत होतं. दिवसा खाली, रात्री वर.

किल्लारीनंतर

मग 30 सप्टेंबर 1993 ची पहाट आली. अनंत चतुर्दशीच्या मिरवणुका आटोपून लोक झोपलेले असताना, चारच्या सुमारास, किल्लारी परिसरात भूकंप झाला. लातूर आणि त्या वेळचा उस्मानाबाद जिल्हा मिळून सुमारे आठ ते दहा हजार माणसं गेली. धक्के बीदर-कलबुर्गीलाही बसले; बसवकल्याण आणि आळंदपासून तो भाग लांब नाही, आणि सोयरिकी तर त्याहून जवळच्या.

भूकंपाच्या तीव्रतेच्या मानानं माणसं फार गेली, आणि त्याचं मोठं कारण घर होतं. मातीत रचलेल्या गोल दगडांच्या जाड भिंती आणि वर वर्षानुवर्षं पांढरी चढवत गेलेलं जड माळवद. दहा बाय दहा फुटांच्या एका खोलीवर दीड फूट माती म्हणजे सुमारे सात टन. उन्हापासून जपणारं वजन अंगावर आलं.

तेव्हापासून माळवदावरचा विश्वास गेला. जुनी माळवदं उतरवून लोकांनी पत्रे घातले. पैसा असलेल्यांनी स्लॅब टाकला. पुनर्वसित गावांत काँक्रीटची घरं मिळाली आणि त्यांच्याबरोबर उन्हाळ्यात घरात बसवत नाही ही तक्रारही आली. दुरुस्तीचा त्रास, चांगल्या लाकडाचा तुटवडा आणि पक्क्या घराची प्रतिष्ठा ही कारणं आधीपासून होतीच, भूकंपानं शेवटचा निकाल लावला. जीव वाचवणारं छप्पर निवडताना ऊन अडवणारं छप्पर गेलं, आणि त्या जागी ऊन अडवायला काही आलं नाही. आजचा वाद या रिकाम्या जागेतून उभा राहिला आहे.

ग्लासवूल म्हणजे काय

ग्लासवूल, फायबरग्लास, काचलोकर ही नावं बाजारात एकाच वस्तूला लावतात. काच वितळवून तिचे केसाहून बारीक धागे ओढायचे आणि लोकरीसारखे पसरून त्यांची गादी करायची. उष्णता काच अडवत नाही. धाग्यांमध्ये अडकून राहिलेली निश्चल हवा अडवते. म्हणून गादी दाबून बसवली की तिचं काम कमी होतं, आणि भिजली की जवळजवळ संपतं. अमेरिकेत 1930 च्या दशकात हा माल कारखान्यात तयार होऊ लागला आणि त्याचा ओळखीचा गुलाबी रंग 1956 सालचा.

आपल्याकडे ग्लासवूल आलं ते कारखान्यांतून. बॉयलर, वाफेचे नळ, एसीच्या नळ्या, मोठ्या शेडची छपरं. बीदरजवळच्या कोळार औद्योगिक वसाहतीत औषधं आणि रसायनांचे कारखाने आहेत. अशा कारखान्यांत वाफेच्या नळाभोवती गुंडाळलेलं लोकरीचं आणि ॲल्युमिनियमचं कवच कामगार रोज बघतात. तोच कामगार संध्याकाळी पत्र्याच्या खोलीत परततो. नळाला जे मिळतं ते छपराला का नको, हा त्याचा प्रश्न रास्त आहे.

वजनाचा हिशोब इथं निर्णायक ठरतो. त्याच दहा बाय दहाच्या खोलीवर दोन इंच जाडीची हलकी ग्लासवूल गादी घातली तर वजन भरतं अकरा-बारा किलो. सात टनांच्या जागी अकरा किलो. आणि पत्र्याचं यू-मूल्य पाचवरून पाऊणच्या खाली येतं, म्हणजे माळवदाहूनही चांगलं. भूकंपाची धास्ती असलेल्या प्रदेशासाठी हा साधा फायदा नाही.

आरोग्याविषयी दोन गोष्टी स्वच्छ सांगायला हव्यात, कारण बाजारात त्यांची सरमिसळ होते. ग्लासवूल म्हणजे ॲस्बेस्टॉस नव्हे. सिमेंटच्या जुन्या पन्हाळी पत्र्यांत असतो तो ॲस्बेस्टॉस, आणि तो कर्करोगकारक ठरलेला आहे. ग्लासवूलवर 1988 मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं संशयाची खूण केली होती. इमारतींत वापरल्या जाणाऱ्या ग्लासवूलपुरती ती 2001 च्या फेरतपासणीत काढून घेतली. तरी धागे त्वचेला आणि डोळ्यांना टोचतात, घसा खवखवतो. बसवणाऱ्यानं मास्क, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घातलाच पाहिजे, आणि बसवल्यावर लोकर खोलीत उघडी ठेवता कामा नये.

छपराविषयीची मतं

छपराला काहीतरी करायला हवं, यावर आता सगळ्यांचं एकमत आहे. बैठ्या घरात बहुतेक ताप वरून येतो. मतभेद आहेत ते उपायावर.

पहिलं मत परावर्तनाचं: ऊन शिरूच देऊ नका. पांढरा चुना, पांढरा रंग किंवा फुटक्या चिनी टाइलांचा मोझेक. करड्या सिमेंटचा स्लॅब उन्हाचा बराच भाग पिऊन टाकतो आणि मेच्या दुपारी साठ अंशांच्या पुढे तापतो. ताजा पांढरा थर उन्हाचा बहुतेक भाग परत पाठवतो. हा उपाय सर्वांत स्वस्त, आणि घरची माणसं एका दिवसात करू शकतात. अहमदाबादनं 2010 च्या जीवघेण्या लाटेनंतर 2013 मध्ये उष्णता कृती आराखडा केला आणि पुढे गरीब वस्त्यांत छपरं चुन्यानं रंगवली. आपल्या सीमेला लागून असलेल्या तेलंगणानं 2023 ते 2028 साठी थंड छताचं धोरणच जाहीर केलं आणि सरकारी इमारतींना ते सक्तीचं केलं. या मताची कमजोर बाजू म्हणजे धूळ. काळ्या मातीच्या गावात पांढरं छप्पर पांढरं ठेवायचं तर दरवर्षी हात फिरवावा लागतो. पण माळवदालाही तो लागतच होता.

दुसरं मत जडपणाचं. जाड भिंत, जांभा, चुना, माती. फक्त भूकंपाला टिकेल अशा बांधणीत. या मताचे लोक भिंतीत पट्टे आणि कोपऱ्यांत बांध घालून जुन्या साहित्याला नवी शिस्त देता येते, असं सांगतात. स्लॅबवर उलटी मडकी मांडून वर चुन्याचा कोबा करण्याची रीतही याच घराण्यातली: माती थोडी, आणि मडक्यातली हवा अडवण्याचं काम करते. आक्षेप असा की जाड वस्तू ताप धरून ठेवते आणि रात्री सोडते. आता रात्री बाहेर झोपणं कमी झालं. डास, चोरीची भीती, शेजारी चढलेले मजले. ज्या सवयीवर जड घर चालायचं ती सवयच गेली असेल, तर त्या घराचा अर्धा फायदा गेला.

तिसरं मत अस्तराचं. इथंही दोन पोटभेद आहेत, आणि ते समजून घेण्यासारखे आहेत. अस्तर स्लॅबच्या वर घालायचं की खाली? वर घातलं तर स्लॅब स्वतः तापत नाही, तापून-निवून तडकत नाही आणि आतल्या खोलीला थंड ठेवायला मदत करतो. पण वर पाऊस आहे, पावलं आहेत, टाकी आहे. तिथं ग्लासवूल चालत नाही, पाणी न पिणारा कडक फोम लागतो आणि त्यावर कोबा. खाली घातलं तर ग्लासवूल चालतं, फॉल्स सीलिंगच्या आत लपतं. स्लॅब मात्र तापतच राहतो. संहितेचा 1.2 हा आकडा गाठायला उघड्या स्लॅबखाली जेमतेम एक इंच लोकर पुरते, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. लोक घाबरतात ते जाडीला आणि खर्चाला. पत्र्याखाली दोन इंच, खालच्या बाजूला चमकता फॉइल, धरून ठेवायला जाळी. फॉइल फाटलं की उंदीर आणि पाली आत घर करतात, पत्र्याच्या खिळ्यातून पाणी उतरलं की लोकर लोंबते. म्हणून पत्रा गळका असेल तर लोकरीचा पैसा वाया जातो. थर्माकोल स्वस्त पडतो, पण तो पेटतो. चुलीच्या घरात त्याची शिफारस मी करणार नाही. लोकर स्वतः पेटत नाही.

यंत्राचं मत चौथं: कूलर लावा, एसी लावा. कोरड्या मे महिन्यात कूलर उत्तम चालतो. एसी घेणाऱ्यांची संख्या वाढते आहे आणि 2020 पासून नवे एसी 24 अंशांवर लावूनच येतात. पण पत्र्याखालचा एसी म्हणजे भोकं पडलेल्या घागरीत पाणी भरणं. यंत्रवाल्यांचाही आता अस्तराला विरोध राहिलेला नाही.

तळघर: दिशा उलटी

आता भालकीच्या काकांच्या मूळ प्रश्नाकडे. तळघराच्या भिंतींना फायबरग्लास लावावं का?

ज्या देशांतून ही रीत आली तिथं जमीन थंड आहे. चार मीटर खोल गेलं की जमिनीचं तापमान वर्षभर जवळजवळ स्थिर असतं आणि ते त्या जागेच्या वार्षिक सरासरी हवेइतकं असतं. टोरोंटोला ती सरासरी आठ-नऊ अंशांची. घर आतून वीस अंशांवर तापवलेलं. म्हणजे सगळा हिवाळा घराची ऊब तळघराच्या काँक्रीटमधून मातीत जात राहते. ती अडवायला अस्तर हवंच, आणि ओंटारियोच्या बांधकाम नियमांत ते सक्तीचं आहे.

तरी तिथंही फायबरग्लासवर वाद आहे. घरातली उबदार, दमट हवा लोकरीतून पलीकडे जाते, थंड काँक्रीटला भेटते आणि तिथं दव धरतं. लोकर मागच्या बाजूनं भिजते, लाकडी चौकट कुजते, बुरशी येते आणि पुढचं प्लास्टरबोर्ड स्वच्छ दिसत असल्यामुळे वर्षानुवर्षं कळत नाही. जोसेफ लस्टिब्युरेक यांच्यासारख्या इमारतशास्त्रज्ञांचं म्हणणं असं की काँक्रीटला लागून आधी कडक फोम हवा, लोकर हवीच तर फोमच्या अलीकडे. जुन्या रीतीचे लोक म्हणतात की बाहेरून पाणी नीट अडवलं आणि बाष्परोधक पडदा बरोबर लावला तर लोकर चालते आणि ती पुष्कळ स्वस्त आहे. हा वाद तिथं अजून चालू आहे.

आता हेच कलबुर्गीत आणा. इथली वार्षिक सरासरी सव्वीस-सत्तावीस अंशांची. म्हणजे मेच्या दुपारी बाहेर 42 असताना तळघराच्या भिंतीपलीकडची खोल माती तिशीच्याही खाली आहे. ती भिंत शत्रू नव्हे, मित्र आहे. तिच्यावर लोकर चढवली तर आपण मिळणारा गारवाच कोंडून बाहेर ठेवतो. तिथं जमिनीपासून घर वाचवायचं असतं, इथं उन्हापासून वाचायला जमिनीचा आधार घ्यायचा असतो. बीदरच्या किल्ल्यातल्या हजार कोठडीत उन्हाळ्यात उतरलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही.

या भागानं तळघराला अस्तर लावलेलंच नाही असं मात्र नाही. ज्वारीची पेवं आठवा. जमिनीत खोल खड्डा, आतून कडब्याचं आणि भुश्याचं जाड अस्तर, मग धान्य, आणि तोंडावर दगड लावून माती. ते अस्तर उष्णतेसाठी नव्हतं, ओलीसाठी होतं. जमिनीचा गारवा हवा, तिची ओल नको. तळघराबाबत या प्रदेशाला जे कळलेलं होतं ते एवढंच आहे आणि ते अजूनही लागू पडतं.

म्हणून गवंड्याचं म्हणणं खरं. क्रम पाण्यापासून सुरू होतो. काळ्या मातीत भिंतीला लागून तीच माती परत भरली तर ती पावसाळ्यात फुगून भिंत आत ढकलते. तिथं मुरूम किंवा वाळू भरायला हवी आणि तळाशी पाणी वाहून नेणारी चर. जांभ्यात पाणी कडेनं झिरपत येतं, तिथं बाहेरून पेटीसारखं जलरोधन लागतं. पुण्या-मुंबईचे ठेकेदार तळघरांना बाहेरून जी फरशी लावून हे पेटीबंद काम करतात ती शहाबादीच असते. आपल्या जिल्ह्याची फरशी दूरच्या शहरांत तळघरं कोरडी ठेवते आणि आपल्या गावात मात्र ती फक्त जमिनीवर नाहीतर छपरावर घातली जाते. आतल्या बाजूला चुन्याचा गिलावा बरा, तो ओल धरतो आणि सोडतो. ऑइलपेंट लावला की ओल मागे कोंडते आणि पापुद्रे सुटतात. हवा खेळती हवी, पण वेळ बघून: उन्हाळ्यात पहाटे झरोके उघडायचे आणि दहाच्या आत बंद करायचे.

मग ग्लासवूलला तळघरात जागाच नाही का? आहे, पण मोजकी. अर्धं तळघर जमिनीच्या वर तीन-चार फूट निघालेलं असतं, आणि पश्चिमेच्या त्या पट्ट्यावर दुपारभर ऊन असतं. तेवढ्या पट्ट्याला अस्तर लावणं योग्य. जनरेटरची खोली, गाण्याची किंवा अभ्यासिकेची खोली असेल तर आवाजासाठी लोकर उत्तम. तळघरात एसी बसवून दवाखाना किंवा दुकान चालवायचं असेल तर प्रश्न बदलतो, कारण पावसाळ्यात बाहेरची दमट हवा थंड भिंतीकडे धाव घेते. अशा वेळी बाष्परोधक पडदा बाहेरच्या, गरम बाजूला हवा. कॅनडात तो आतल्या बाजूला असतो. तिथला व्हिडिओ पाहून इथं पडदा लावला तर तो नेमका चुकीच्या बाजूला बसतो, आणि ही चूक मी नव्या कामांत पाहिली आहे.

न सुटलेलं

छप्पर आधी, तळघराला कोरडेपणा, हा निष्कर्ष आता फारसा वादग्रस्त नाही. पण काही गाठी आहेत.

एक पैशाची. ग्रामीण प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट प्रदेशातल्या घराला 1 लाख 20 हजार रुपये ठरले, घर किमान 25 चौरस मीटरचं. त्या रकमेत भिंत आणि छप्पर उभं करतानाच दमछाक होते. अस्तराची किंवा पांढऱ्या छपराची तरतूद वेगळी धरल्याशिवाय ते होणार नाही, असं एका बाजूचं म्हणणं. दुसरी बाजू म्हणते, निदान चुना तरी यात बसतो, तो सक्तीचा करा.

दुसरी विजेची. कर्नाटकात 2023 पासून गृहज्योती योजनेत घरांना महिना 200 युनिटपर्यंत वीज मोफत मिळते. गरिबाच्या घरी पंखा निर्धास्त फिरू लागला, हा मोठा दिलासा आहे. पण अस्तराचा खर्च विजेच्या बचतीतून फिटतो, हा जगभरचा हिशोब इथं जुळत नाही. इथं अस्तर विकायचं तर बचत सांगून नव्हे, रात्रीची झोप सांगून विकावं लागेल. आणि झोपेचा भाव काय धरायचा, यावर अर्थतज्ज्ञांचं एकमत नाही. भाडेकरूचा प्रश्न याहून बिकट: ताप त्याला, छप्पर मालकाचं.

तिसरी नियमांची. संहिता केंद्राची, ती लागू होते राज्यांनी आपल्या नियमांत घेतल्यावर. 2022 च्या ऊर्जा संवर्धन दुरुस्ती कायद्यानं निवासी इमारतींनाही कक्षेत घेण्याचा रस्ता मोकळा केला, पण तो मोठ्या इमारतींसाठी. भालकीचं एकमजली घर त्या जाळ्यातून निसटतं. शिवाय देशाच्या हवामान-विभागणीत सोलापूर उष्ण-शुष्क आणि हैदराबाद मिश्र. आपण दोघांच्या मध्ये. मे महिन्यात आपण सोलापूरचे, ऑगस्टमध्ये हैदराबादचे. कोरड्या हवेचा सल्ला बारा महिने चालवला तर पावसाळ्यात फसतो, हे तळघराबाबत आपण पाहिलंच.

चौथी गाठ मला सर्वांत महत्त्वाची वाटते. माळवदाचं 1.2 हे मूल्य मी पुस्तकातल्या गुणांकांवर काढलं आहे. आपली पांढरी, आपला जांभा, ठोकलेली माती आणि सैल माती, ओली आणि कोरडी, यांचे आकडे वेगळे असणार. ते टेबलाशी बसून मिळत नाहीत, छपरावर चढून मोजावे लागतात.

त्यासाठी फार काही लागत नाही. कलबुर्गीचं पीडीए अभियांत्रिकी महाविद्यालय, बीदरचं गुरु नानक देव, भालकीची खंड्रे तंत्रज्ञान संस्था ही तिन्ही महाविद्यालयं जागेवर आहेत. त्यांच्या स्थापत्य विभागांना माझी विनंती आहे. येत्या मार्च ते जूनमध्ये एकाच गावातली पाच घरं निवडा: शाबूत माळवद, उघडा स्लॅब, चुना दिलेला स्लॅब, नुसता पत्रा आणि खालून लोकर लावलेला पत्रा. प्रत्येक छपराला आतून आणि बाहेरून एकेक तापमापक लावा, दर तासाला नोंद घ्या आणि जवळच्या एका तळघराच्या भिंतीची ओलही मोजा. आणि मिळालेले आकडे कन्नड आणि मराठी दोन्हींत, गवंड्याला वाचता येतील असे, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा.